मटणात चिंच: किती, केव्हा आणि कोणत्या भांड्यात

नागपुरात मटण म्हटलं की आधी सावजी आठवतो आणि सावजीच्या रश्श्यात चिंचेला जागा नाही. त्या काळ्या, तिखट मसाल्याला आंबट हवंच असेल तर ताटात लिंबाची फोड असते, तेवढं पुरे. त्यामुळे इथे नव्यानं स्वयंपाकाला लागणाऱ्याला चिंच ठाऊक असते ती वरणातली, भेळेच्या चटणीतली किंवा मासोळीच्या कालवणातली. मटणात ती पहिल्यांदा घातली की हमखास दोनपैकी एक होतं: मटण शिजता शिजत नाही, किंवा रस्सा इतका आंबट होतो की भाताबरोबरही गिळवत नाही. दोन्ही वेळा दोष चिंचेचा नसतो. ती वेळेआधी पडलेली असते किंवा अंदाजानं पडलेली असते. म्हणून इथे चिंच वजनानं मोजायची आणि घड्याळ बघून घालायची, एवढं आधी ठरवून घ्या.

चिंच घेताना

नवी चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येते. तिचा रंग तांबूस-तपकिरी असतो, चव धारदार असते. वर्ष उलटलेली जुनी चिंच काळपट आणि मऊ पडते, तिचा आंबटपणा गोलसर लागतो. मटणाला जुनी बरी, मासोळीला नवी. दोन्ही मिळत नसतील तर जी आहे ती घ्या, फक्त नवीचं वजन थोडं कमी धरा.

इतवारीतल्या किराणा दुकानांत चिंच दोन प्रकारांत मिळते, चिंचोक्यांसकट आणि चिंचोके काढलेली. या लेखातली सगळी वजनं चिंचोके काढलेल्या चिंचेची आहेत. चिंचोक्यांची घेतली असेल तर 20 ग्रॅमच्या जागी 35 ग्रॅम घ्या. साठवणीच्या चिंचेत मीठही असतं. घरी भरताना किलोला 80 ते 100 ग्रॅम जाडं मीठ चोळण्याची पद्धत आहे, म्हणजे 20 ग्रॅम चिंचेबरोबर दीड-दोन ग्रॅम मीठ रश्श्यात जातं. ते मिठाच्या हिशेबात धरायचं.

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा नसेल तर लहान लिंबाएवढा, घट्ट दाबलेला गोळा म्हणजे सुमारे 20 ग्रॅम. सैल गोळा त्याच आकाराचा दिसला तरी वजनात बारा-तेरा ग्रॅमच भरतो, म्हणून दाबूनच मोजा.

बाटलीतला काळा, घट्ट तयार अर्क वापरणार असाल तर घरच्या कोळाचं माप त्याला लावू नका. तो कितीतरी तीव्र असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. अर्ध्या चहाच्या चमच्यापासून सुरुवात करा, चाखा, मग वाढवा. रंगही तो जास्त काळा करतो.

कोळ काढणं

20 ग्रॅम चिंच 100 मिलीलिटर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. पाणी बोट सहज बुडवता येईल इतपतच गरम हवं. उकळतं पाणी ओतलं तर बाहेरचा गर विरघळतो आणि आतली गाठ तशीच राहते. वीस मिनिटांनी हात घालून चिंच मुठीत धरा आणि बोटांच्या पेरांनी चोळा. सुरुवातीला हाताला शिरा आणि टरफलाचे कडक तुकडे लागतील. गर सुटत गेला की मुठीत फक्त दोऱ्यासारख्या शिरा उरतात आणि पाणी पातळ चटणीसारखं दाट होतं. ते बारीक गाळणीतून चमच्यानं दाबत गाळा. गाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गर खरवडून घ्यायला विसरू नका, सगळ्यात दाट भाग तिथेच अडकतो. उरलेल्या चोथ्यात दोन चमचे पाणी घालून एकदा आणखी पिळा. साधारण 90 मिलीलिटर, म्हणजे सहा मोठे चमचे कोळ निघायला हवा.

मिक्सरमधून फिरवू नका. चुकून राहिलेला एखादा चिंचोका किंवा टरफलाचा तुकडा दळला गेला की कोळाला तुरट, मातकट चव येते आणि ती कशानंही जात नाही.

भांडं

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात ती त्यामुळेच. हेच आम्ल स्वयंपाकाच्या भांड्यावरही काम करतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, गंजात (पातेल्यात) चिंचेचा रस्सा उकळला तर भांड्याची आतली बाजू खरबरीत होते आणि रश्श्याला धातूची चव लागते. लोखंडी कढईत रस्सा काळा पडतो. कल्हई उडालेलं तांब्या-पितळेचं भांडं तर अजिबात घेऊ नये. त्यात आंबट शिजवणं तब्येतीला घातक आहे.

स्टीलचं जाड बुडाचं भांडं, मातीचं भांडं किंवा चांगली कल्हई असलेलं पातेलं चालतं. बऱ्याच घरांत कुकर जर्मनचाच असतो. त्याची अडचण नाही, कारण कुकरमध्ये फक्त मटण शिजवायचं आहे, चिंच घालायची ती दुसऱ्या भांड्यात.

चिंच शेवटी का

ताज्या मटणाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त), साधारण 5.6 च्या आसपास असतो. थोडं आंबट लागून तो 5.2 जवळ आला की मांसातली प्रथिनं पाणी सगळ्यात कमी धरून ठेवतात. म्हणजे सुरुवातीलाच चमचा-दोन चमचे कोळ घातला की मटण आपलं पाणी सोडतं, आक्रसतं आणि दाताला दोरीसारखं लागतं. त्याउलट भरपूर आंबटात रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. मधला सोयीचा मार्ग म्हणजे मटण आधी पूर्ण शिजवून घेणं.

दुसरं कारण कांद्याचं आणि आलूचं. आंबटात कांदा विरघळत नाही, त्याच्या पाकळ्या रश्श्यात तशाच तरंगत राहतात. आलू तर तासभर उकळूनही मधोमध कच्चा राहतो. डाळीचंही तसंच. रश्श्यात जे जे मऊ व्हायला हवं ते चिंच पडण्याआधी मऊ झालेलं असलं पाहिजे.

अर्धा किलो मटणाचा चिंच-गुळाचा रस्सा

मटण बोकडाचं घ्या आणि खाटकाला सीना, पुठ्ठा आणि नळीचे मिळून तुकडे करायला सांगा. चिंच चरबीबरोबर खुलते. नुसतं रानाचं (मांडीचं), बिनचरबीचं मटण घेतलं तर रस्सा कोरडा आणि नुसता आंबट लागतो.

बाकीचं सामान: तीन मध्यम कांदे (सुमारे 250 ग्रॅम), सुकं खोबरं 40 ग्रॅम, आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे, तेल पाच मोठे चमचे, हळद अर्धा चमचा, तिखट दोन चमचे, मीठ दीड चमचा, गूळ 10 ग्रॅम, मूठभर सांबार (कोथिंबीर). खड्या मसाल्यात धणे एक मोठा चमचा, खसखस एक मोठा चमचा, जिरे एक चमचा, मिरे आठ, लवंगा चार, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, एक मसाला वेलची आणि चिमूटभर दगडफूल. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर दीड चमच्यावर थांबा. चिंचेनं तिखटपणा कमी होत नाही, उलट जिभेला तो जास्त टोचतो.

पहिल्यांदा मटण धुऊन, निथळून त्याला हळद, एक चमचा मीठ आणि निम्मं आलं-लसूण चोळा आणि अर्धा तास ठेवा. दही नको. दही आणि चिंच हे दोन वेगळे आंबटपणे एका भांड्यात भांडतात आणि दही फाटतं ते वेगळंच.

कुकरमध्ये एक मोठा चमचा तेल तापवून मटण मोठ्या आचेवर परता. ते पाणी सोडेल. ते पाणी आटून तुकडे भांड्याला किंचित चिकटू लागेपर्यंत परतायचं आहे, पाच ते सात मिनिटं. मग 400 मिलीलिटर कढत पाणी घाला. गार पाणी घालू नका, उकळी थांबते आणि मटण निबर होतं. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडून एक तुकडा बाहेर काढा आणि अंगठ्याच्या नखानं दाबा. नख आत जाऊन मांसाचे धागे वेगळे व्हायला हवेत. हाडाजवळ गुलाबी-चिवट वाटलं तर आणखी पाच-सात मिनिटं. या टप्प्यावर कंटाळा करू नका, कारण एकदा चिंच पडली की पुढे मटण फारसं मऊ होणार नाही, असंच धरून चाला.

मटण शिजतंय तोवर मसाला. खोबऱ्याचे काप, खसखस आणि खडा मसाला वेगवेगळे, मंद आचेवर कोरडे भाजा. खोबरं बदामी होऊ द्या, काळं नको. काळ्या खोबऱ्याचा कडूपणा आणि चिंचेचा आंबटपणा एकत्र आले की रस्सा औषधासारखा लागतो. कांदा उभा चिरून दोन चमचे तेलात बारा ते पंधरा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत परता. सगळं गार करून थोडं पाणी घालत गुळगुळीत वाटा. चिंचेच्या रश्श्याला भरड वाटण चालत नाही, पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे होतो.

आता स्टीलच्या भांड्यात उरलेलं तेल तापवा, उरलेलं आलं-लसूण घाला, मग वाटण. मध्यम आचेवर सराट्यानं (उलथन्यानं) खालून खरवडत आठ-दहा मिनिटं परता. आधी वाटण फुटफुट करत उडेल, मग घट्ट होईल, मग भांड्याच्या कडेला तेलाची रेघ दिसू लागेल. ती रेघ दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. आच कमी करून तिखट घाला, चमचाभर पाणी शिंपडा म्हणजे ते जळणार नाही, आणि अर्ध्या मिनिटात कुकरमधलं मटण रश्श्यासकट ओता. एक उकळी येऊ द्या.

इथे चिंच. सहापैकी चारच चमचे कोळ घाला. ढवळा, आच मंद करा, झाकण अर्धवट ठेवा आणि दहा मिनिटं शिजू द्या. कच्च्या चिंचेला एक हिरवट, घशाला लागणारा वास असतो, तो जायला एवढा वेळ लागतो. आंबटपणा मात्र उकळून उडून जात नाही. व्हिनेगरचा थोडाफार उडतो, चिंचेचा नाही. उलट पाणी आटलं की तो वाढतो. म्हणून 'आत्ता जास्त वाटतंय, उकळल्यावर कमी होईल' या भरवशावर राहू नका.

दहा मिनिटांनी गूळ घाला, विरघळू द्या, एक चमचा रस्सा वाटीत काढून दोन मिनिटं निवू द्या आणि मग चाखा. कढत रश्श्यात चव नीट कळत नाही. आंबट पहिल्या घोटाला जाणवू नये, गिळताना जिभेच्या कडांना जाणवावं. तसं नसेल तर उरलेल्या दोन चमच्यांतला एक घाला, तीन मिनिटं उकळा, पुन्हा चाखा. मीठही आत्ताच बघा. चिंच आणि मीठ एकमेकांना चढवतात, त्यामुळे मीठ अगदी शेवटी, पाव-पाव चमच्यानं. आच बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तर्री वर येते आणि आंबटपणा मटणात मुरतो. वरून सांबार.

हा रस्सा ज्वारीच्या भाकरीपेक्षा भाताबरोबर जास्त जमतो, असं आमचं मत. भाकरीबरोबर खायचा असेल तर पाणी शंभर मिलीलिटर कमी घाला.

कोंबडी

गावरान कोंबडीला मटणाचीच रीत, फक्त चिंच 15 ग्रॅम. ब्रॉयलर कोंबडी वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, तिला 12 ग्रॅम चिंच पुरते आणि कोळ शिजायला दहा मिनिटं बाकी असताना घालायचा. गूळ लागत नाही, ब्रॉयलरचं मांस मुळातच गोडसर असतं. छातीचे बिनहाडाचे तुकडे या रश्श्यासाठी घेऊ नका, दोरे दोरे होतात.

मासोळीला उलटं

मटणाला चिंच शेवटी, तर मासोळीला सुरुवातीला. हा फरक नव्या माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून कारण समजून घ्या. नागपुरात मिळणारे रोहू, कतला हे तळ्या-धरणातले मासे. त्यांना कधी कधी चिखलाचा वास येतो. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांपासून तयार होणारं जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या अंगात साठतं, त्याचा हा वास, आणि ते आम्लात मोडतं. माशाचा नेहमीचा उग्र वासही आंबटानं दबतो. म्हणून तुकड्यांना मीठ, हळद आणि दोन चमचे दाट कोळ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग निथळून ते पाणी फेकून द्या. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलं तर तुकड्याची वरची बाजू पांढरी, घट्ट होते आणि शिजल्यावर तुकडा तिथून सुटतो.

अर्धा किलो मासोळीला रश्श्यासाठी 30 ग्रॅम चिंच आणि एकूण 350 मिलीलिटर पाणी. तीन चमचे तेलात पाव चमचा मेथीदाणे आणि जिरे तडतडवा. मेथीदाणा तांबूस झाला की लगेच पुढचं घाला, काळा झाला तर सगळी फोडणी टाकून द्या आणि नव्यानं करा. मग ठेचलेल्या दहा लसणाच्या पाकळ्या, दोन कांद्यांचं परतून केलेलं वाटण, हळद, दीड चमचा तिखट. वाटण तेल सोडू लागलं की कोळ आणि पाणी, आणि हा रस्सा आधी आठ मिनिटं नुसताच उकळा. वास गेला, चव बसली, की मग तुकडे सोडा. दोन सेंटीमीटर जाडीच्या तुकड्यांना मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं पुरतात. आत सराटा घालू नका. भांडं दोन्ही बाजूंनी कापडानं धरून गोल हलवा, तेवढ्यानं रस्सा फिरतो आणि तुकडे अखंड राहतात. हे कालवण दोन-तीन तास मुरल्यावर जास्त चांगलं लागतं.

कोवळ्या पाल्याचं मटण

उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचेला नवी, पोपटी-तांबूस पालवी फुटते. शेजारच्या तेलंगणात या पाल्याला चिंता चिगुरू म्हणतात, तेलुगूत चिंता म्हणजे चिंच आणि चिगुरू म्हणजे कोवळा पाला. मटणात तो घालण्याची तिकडे जुनी रीत आहे, हैदराबादेतही चिगुर गोश्त होतं. नागपुरात चिंचेची झाडं काही कमी नाहीत, पण रहदारीच्या रस्त्याकडेचा धुळकट पाला घेऊ नका.

अर्धा किलो मटणाला 150 ग्रॅम पाला. देठ काढा, तीन पाण्यांत धुवा, निथळून पूर्ण कोरडा करा, मग दोन्ही तळहातांमध्ये चोळा. त्यानं पानं चुरडतात आणि राहिलेल्या बारीक काड्या हाताला लागतात, त्या वेचून टाका. यात खोबरं, खसखस, गूळ काहीही नको. मटण कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद आणि मीठ एवढ्यावरच शिजवून घ्या, पाणी फक्त 200 मिलीलिटर. वेगळ्या भांड्यात दोन चमचे तेलात पाला चार-पाच मिनिटं परता. त्याचा हिरवा रंग मेंदीसारखा झाला की त्यात मटण घाला आणि अंगासरसा रस राहीपर्यंत आटवा. याचा आंबटपणा चिंचेपेक्षा सौम्य आणि ताजा असतो. पाला जून असेल तर मात्र तुरट आणि चोथट लागतो. पान दोन बोटांत चुरगळलं की ओलसर गोळी व्हायला हवी, चुरा झाला तर तो पाला सोडून द्या.

बिघडलं तर

फार आंबट झालं तर पहिला उपाय रस्सा वाढवण्याचा: एक कांदा परतून, वाटून, पुन्हा तेलावर भाजून कढत पाण्यासह घाला. गूळ आंबटपणा कमी करत नाही, तो फक्त झाकतो, आणि 10 ग्रॅमच्या जागी 25 ग्रॅम घातला तर मटणाची आमटी होते. आलू आंबट शोषून घेतो असं सांगतात, त्यानं काही साधत नाही, वर आलू कच्चा राहतो. अगदीच निरुपाय असेल तर खाण्याच्या सोड्याची एक चिमूट, दोन बोटांत मावेल एवढीच. रस्सा फेसाळून खाली बसतो आणि आंबटपणा खरोखर उतरतो, पण दुसरी चिमूट घातलीत तर साबणाची चव येईल.

मटण निबर असताना चिंच घालून बसलात तर रस्सा गाळून बाजूला काढा, तुकडे साध्या कढत पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कुकरला दहा मिनिटं लावा आणि पुन्हा रश्श्यात घाला. रस्सा तुरट लागत असेल तर चिंचोका किंवा टरफल गेलंय, त्यावर उपाय नाही, पुढच्या वेळी गाळणी बारीक घ्या. तर्री वर येत नसेल तर वाटण कच्चं राहिलं होतं.

आंबट रस्सा टिकतो म्हणून तो बाहेर ठेवण्याची चूक करू नका. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो, अशा दिवसांत शिजलेलं मटण तासाभरात फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे, एरवी दोन तासांत. ठेवताना स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. दुसऱ्या दिवशी रस्सा जास्त आंबट लागेल, कारण गार होताना तो दाटतो. गरम करताना अर्धी वाटी कढत पाणी घाला, उकळा, आणि मीठ चाखल्याशिवाय घालू नका. उरलेला साधा कोळ फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. जास्त केला असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा. एका खाचेत मोठा चमचाभर कोळ मोजून ओता, म्हणजे पुढच्या वेळी अर्धा किलो मटणाला आधी चार तुकडे काढायचे आणि दोन हाताशी ठेवायचे.